मोबाइलवर डिझाइन शिकलात? पहिलं पैशाचं काम घेण्याआधी हे ७ मुद्दे वाचा



मी डिझाइनचा कुठलाही कोर्स केलेला नाही. बारावीच्या सुट्टीत मोबाइलमध्ये पिक्सेललॅब घेतलं आणि यूट्यूब बघत बघत वाढदिवसाचे बॅनर करायला लागले. गल्लीतल्या सगळ्यांना फुकट करून दिले. "छान करतेस की!" हे दहा जणांकडून ऐकलं आणि वाटलं, झालो आपण डिझायनर.

मग पहिलं पैशाचं काम आलं. सांगलीतल्या एका क्लासचं ए४ पत्रक, १,००० प्रती, माझी फी ५०० रुपये. स्क्रीनवर मस्त दिसत होतं. छापून आलं तेव्हा अक्षरं पुसट, पोपटी रंग मळकट आणि कडेला टाकलेल्या मोबाइल नंबरचा शेवटचा आकडा कटिंगमध्ये उडालेला. दिवस ॲडमिशनचे. सर ओरडले नाहीत, फक्त गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. प्रेसवाल्या काकांनी मजुरी सोडली, तरी कागदाचे आणि प्लेटचे २,८०० रुपये मलाच भरावे लागले. आईकडून उसने घेऊन भरले.

त्या दिवशी एक गोष्ट कळली. गिऱ्हाईक नुसत्या सुंदर चित्राचे पैसे देत नाही, नीट छापून येणाऱ्या फाइलचे देतं. व्हिडिओमध्ये इफेक्ट खूप शिकवतात, पण फाइल कशी द्यायची ते राहून जातं. तेच आज बघूया.

१) काम कुठे लागणार, हे आधी विचारा

माझी फाइल १,०८० पिक्सेल रुंद होती. इन्स्टाग्रामसाठी ती पुरेशी आहे. पण ए४ कागद ८.२७ इंच रुंद असतो. म्हणजे एका इंचाला जेमतेम १३० पिक्सेल आले. हातात धरून वाचायच्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. त्या हिशोबाने ए४ साठी २,४८० × ३,५०८ पिक्सेल लागतात. लहान फाइल नंतर ताणून मोठी केली तर उपयोग होत नाही, सुरुवातच योग्य मापाने करावी लागते. मोठा फ्लेक्स लांबून बघतात, त्यामुळे तिथे कमी चालतं. किती, ते फ्लेक्सवाल्यालाच विचारा.

२) कडेला जागा सोडा

छापलेला गठ्ठा मशीनवर कापताना कटिंग एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. म्हणून पार्श्वभूमीचा रंग चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर वाढवायचा. यालाच ब्लीड म्हणतात. ए४ म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर, तर फाइल २१६ × ३०३ ची करायची. उलट नंबर, पत्ता, लोगो हे कापायच्या रेषेपासून निदान ५ मिलिमीटर आत ठेवायचं. माझा आकडा इथेच उडाला.

३) स्क्रीनचा रंग कागदावर तसाच येत नाही

मोबाइलची स्क्रीन लाल, हिरवा, निळा अशा प्रकाशाने रंग दाखवते. त्याला आरजीबी म्हणतात. ऑफसेट छपाईत निळसर, गुलाबीसर, पिवळी आणि काळी अशा चार शाया लागतात. ते सीएमवायके. झगझगीत पोपटी, भडक निळा हे रंग शाईत बसत नाहीत, ते मंद होतात. छपाईच्या कामात असे रंग टाळा आणि शक्य असेल तर आधी एक रंगीत प्रिंट काढून गिऱ्हाइकाला दाखवा.

४) मराठी अक्षरं सांभाळा

आपल्या भागात बऱ्याच प्रेसमध्ये अजून कोरलड्रॉ आणि जुने फॉन्ट चालतात. ते फॉन्ट युनिकोड नसतात. आपला मजकूर युनिकोडमध्ये असतो. फाइल तिकडे उघडली की रफार भलतीकडे जातो, जोडाक्षरं फुटतात. म्हणून काका सांगतात, "कर्व्ह करून पाठव." म्हणजे अक्षरांचं आकारात रूपांतर करायचं. कोरलमध्ये त्यासाठी कंट्रोल आणि क्यू दाबतात. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'ऑब्जेक्ट टू पाथ' हा पर्याय आहे. कर्व्ह केल्यावर मजकूर बदलता येत नाही, म्हणून मूळ फाइलची कॉपी वेगळी ठेवा.

फॉन्ट कुठूनही डाउनलोड करू नका. 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' असं लिहिलेला फॉन्ट पैशाच्या कामात चालत नाही. गूगल फॉन्ट्सवरचे मुक्त, बालू हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, ते व्यवसायात वापरता येतात. तिथेच तिरो देवनागरी मराठी आहे. त्यात 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे नसून आपल्या वळणाचे आहेत.

५) फाइल फोटो म्हणून पाठवू नका

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो. नेहमी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, शक्यतो पीडीएफ. कॅनव्हा वापरत असाल तर 'पीडीएफ प्रिंट' निवडा आणि क्रॉप मार्क व ब्लीडवर टिक करा. हे फुकटच्या खात्यातही मिळतं. सीएमवायकेचा पर्याय मात्र पैसे भरलेल्या प्लॅनमध्ये आहे.

६) बोलणं लिहून घ्या

काम सुरू करण्याआधी मी आता हा मेसेज टाकते:

"ए४ पत्रक, एक बाजू. फीमध्ये २ वेळा दुरुस्ती धरली आहे, पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला १०० रुपये. निम्मे पैसे आधी. छपाईचा खर्च वेगळा. मजकूर, तारीख, नंबर तपासून तुम्ही 'फायनल' लिहिल्यावरच फाइल प्रेसला जाईल."

ओळखीच्या माणसाला असं लिहायला अवघड वाटतं, हे मला माहीत आहे. तरी लिहा. नंबर चुकला तर चूक कोणाची, हा वादच उरत नाही. आणि फी ठरवताना किती तास लागले ते मोजा. त्या ५०० रुपयांच्या कामाला मी तीन रात्री घालवल्या होत्या!

७) लोगो आणि हक्क

लोगो करताना तयार टेम्प्लेट तसंच देऊ नका. तेच टेम्प्लेट आणखी कोणाकडेही असू शकतं, मग गिऱ्हाइकाला ट्रेडमार्क कसा मिळणार? दुसरं म्हणजे, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. म्हणून लोगोचं काम असेल तर एका कागदावर साफ लिहा: पूर्ण पैसे मिळाल्यावर कायमचे हक्क गिऱ्हाइकाचे.

शेवटचं एक. काम घेण्याआधी जवळच्या प्रेसमध्ये जाऊन अर्धा दिवस नुसतं उभं राहा. कागद कसा कापतात, फाइल कुठे अडते ते बघा. मी पैसे भरायला गेले त्या दिवशी काका म्हणाले होते, "पोरी, आधी येऊन विचारलं असतंस तर चहाच पाजला असता." आता प्रत्येक फाइल पाठवण्याआधी मी त्यांना एक फोन करते.