हेरकथेतलं प्रेम: एका सोयीस्कर मताचं खंडन

कादंबरीकाराच्या मुलाखतीत शेवटी एक हलकाफुलका प्रश्न ठरलेला असतो: हल्ली काय पाहिलंत, काय वाचलंत? उत्तरही बहुधा ठरलेलंच. हेरपट बरे असतात, पण त्यांत प्रेमप्रकरण घुसडलं की विचका होतो. प्रेमकादंबऱ्या प्रवासात चाळायच्या आणि गाडीतच सोडून द्यायच्या. श्रोते हसतात, आभारप्रदर्शन होतं, चहा येतो. सहज फेकलेल्या मताला कोणी पुरावा मागत नाही. म्हणूनच ते अभ्यासून लिहिलेल्या टीकालेखाहून जास्त टिकतं. या मताचा पुरावा एकदा मागून बघायला हवा.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. त्याचं म्हणणं दुहेरी आहे. एक, हेरकथा बुद्धीची आणि प्रेमकथा भावनेची. दोन्ही एकत्र आल्या की दोन्ही नासतात. दोन, दोन्हींचा हेतू निव्वळ रंजन, त्यामुळे गंभीर साहित्यात त्यांना पाट मांडायचं कारण नाही. हे मत आजचं नाही. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 1872 साली नावल आणि नाटक यांविषयीच्या निबंधात अद्भुतात रमलेल्या मराठी कादंबरीची झाडाझडती घेतली होती. पुढे भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती सांगितल्या: ‘यमुनापर्यटन’ (1857), ‘मुक्तामाला’ (1861) आणि ‘मोचनगड’ (1871) यांच्यापासून निघालेल्या. त्यांत ‘मुक्तामाले’च्या रंजनपर वाटेला मान नाही, हे वेगळं सांगायला नको. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा घरोघर वाचल्या गेल्या, पण वाङ्मयेतिहासात झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो. ना. सी. फडक्यांच्या प्रेमकादंबऱ्यांवर पिढ्या वाढल्या आणि त्याच पिढ्यांनी पुढे त्यांची टिंगल केली. म्हणजे पूर्वपक्षाच्या पाठीशी परंपरा आहे. पुरावा आहे का, एवढंच पाहायचं.

पूर्वपक्षाचा सगळ्यांत भक्कम साक्षीदार मीच उभा करतो: विशाखदत्ताचं ‘मुद्राराक्षस’. नायिका नाही, शृंगार नाही, सगळा डाव चाणक्य आणि राक्षस या दोन अमात्यांच्या डोक्यांचा. शुद्ध हेरकथा हवी तर ती हीच. पण तो डाव सुरू कशावर होतो? चाणक्याचा हेर निपुणक यमपट दाखवत, गाणी म्हणत पाटलीपुत्रात हिंडतो आणि चंदनदासाच्या घरी पोचतो. आतून पाचेक वर्षांचं पोर कुतूहलाने बाहेर येतं. त्याला आत ओढायला एका बाईचा हात दाराबाहेर येतो आणि बोटातली सैल अंगठी निसटून हेराच्या पायाशी येऊन पडते. ती राक्षसाची मुद्रा. त्याने आपलं कुटुंब मित्राच्या घरी लपवलं होतं आणि जाताना मुद्रा बायकोपाशी ठेवली होती. साऱ्या नाटकाचं कुलूप उघडणारी किल्ली अशी एका आईच्या धांदलीतून शत्रूच्या हाती लागते. पुढे चाणक्याचाच सिद्धार्थक नावाचा हेर राक्षसाच्या मित्राला, शकटदासाला, वधस्तंभावरून पळवून आणतो, तो राक्षसाचा विश्वास मिळवण्यासाठी. आणि राक्षस अखेर शरण येतो तो चंदनदासाचा जीव वाचवण्यासाठी. शृंगार वगळला तरी माया वगळता आली नाही. चाणक्याने राक्षसाला बुद्धीने घेरलं हे खरं, पण पकडलं ते त्याच्या जिव्हाळ्यात.

आता उलट बाजू. भवभूतीचं ‘मालतीमाधव’ ही उघड प्रेमकथा. नायक विदर्भातल्या मंत्र्याचा मुलगा, शिकायला पद्मावतीला आलेला. ही पद्मावती म्हणजे ग्वाल्हेरच्या बाजूचं पवाया, असं अभ्यासक मानतात. राजाला मालतीचं लग्न आपल्या मर्जीतल्या नंदनाशी लावायचं असतं. हा बेत उधळण्याचं काम कामंदकी ही बौद्ध परिव्राजिका करते. माधव मालतीच्या खिडकीखालून वरचेवर जाईल अशी व्यवस्था ती करते. शिष्या आणि मैत्रिणी यांच्यामार्फत ती निरोप पोचवते, चित्रं फिरवते, मनं पेरते. शेवटी माधवाचा मित्र मकरंद याला नवरीच्या वेषात उभं करून त्याचंच लग्न नंदनाशी लावलं जातं. कौटिल्याने अर्थशास्त्रात हेरांची वर्गवारी देताना अंतःपुरात मान असलेली आणि अमात्यांच्या घरी जा-ये करणारी परिव्राजिका सांगितली आहे. भवभूतीने तिलाच प्रेमकथेची सूत्रधार केलं. हेरगिरी काढून टाकली तर ‘मालतीमाधवा’त उसासेच उरतील.

म्हणजे आपल्या दोन मोठ्या नाटककारांना या दोन कथा वेगळ्या ठेवता आल्या नाहीत. त्यांना जमलं नाही असं म्हणायचं, की त्या मुळात वेगळ्या नाहीतच असं?

झाशीत या प्रश्नाचं उत्तर दगडात आहे. मराठी अमलात शहराभोवती उभ्या राहिलेल्या तटाला अनेक दरवाजे होते. दतिया, उन्नाव, ओरछा, सागर, भांडेर ही नावं रस्ता जिकडे निघतो त्या गावांची. त्यांच्या रांगेत खंडेराव गेट हे नाव मराठी कानाला घरचं वाटतं. आज तो एका गजबजलेल्या वस्तीचा पत्ता आहे. तिथून किल्ल्यात गेलं की गुलाम गौसखान आणि खुदाबक्ष या तोफचींच्या कबरींजवळ मोतीबाईची कबर दाखवतात. वृंदावनलाल वर्मांनी (1889–1969) ‘झाँसी की रानी लक्ष्मीबाई’ (1946) या हिंदी कादंबरीत तिला घरोघर पोचवलं. तिथे ती गंगाधररावांच्या नाटकशाळेतली नटी आहे. राणी तिला आणि तिथल्याच जूहीला बातम्या काढायच्या कामावर लावते. मोतीबाईचा जीव खुदाबक्षावर, जूहीचा तात्या टोप्यांवर. वेष पालटणं, दुसऱ्याची वाक्यं पाठ ठेवणं, परक्या मैफलीत न बुजता वावरणं हे नटीला शिकवावं लागत नाही.

आणि हा लेखक प्रवासात चाळून टाकायच्या वर्गातला म्हणावा, तर वर्मा झाशीचे वकील. द. ब. पारसनिसांनी 1894 साली राणीचं मराठी चरित्र लिहिलं. राणी परिस्थितीने लढाईत ओढली गेली, असा त्याचा सूर. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून वेगळं ऐकलेल्या वर्मांना तो पटला नाही. राणी स्वराज्यासाठी लढली हा आपला पक्ष त्यांनी कादंबरीतून मांडला. हेर आणि प्रेम दोन्ही असलेली ही कादंबरी स्वतःच एक खंडन-मंडन आहे. इकडे गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ या प्रत्यक्षदर्शी हकिकतीतही वेढ्याच्या वर्णनाशेजारी झाशीतल्या नारायणशास्त्र्यांचं प्रेमप्रकरण येतंच. भटजींना प्रकार वेगळे ठेवायची शिस्त कोणी शिकवली नव्हती.

कोणी म्हणेल, ही जुनी उदाहरणं. आधुनिक हेर यंत्रावर चालतो. पण शीतयुद्धात पूर्व जर्मनीच्या परदेशी हेरखात्याचा प्रमुख मार्कुस वोल्फ याने देखणे, बोलघेवडे पुरुष बॉनमधल्या सरकारी कार्यालयांतल्या एकट्या सेक्रेटरी स्त्रियांकडे पाठवले आणि त्या प्रेमातून कागदपत्रं बाहेर काढली. ही कादंबरी नव्हती, सरकारी कार्यपद्धती होती. जॉन ल कॅरे स्वतः ब्रिटिश गुप्तचर खात्यात काम केलेला माणूस. त्याच्या 1963 सालच्या ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’मध्ये लीमस हा मुरलेला हेर ज्या डावात फसतो, तो डाव लिझ गोल्डवरच्या त्याच्या प्रेमाशिवाय उभाच राहत नाही. कारण सरळ आहे. बातमी माणसाकडे असते आणि माणूस ती विश्वासापोटी देतो. विश्वास कमवायचा आणि मोडायचा, हा हेराचा धंदा. विश्वास ठेवावा की नाही, हा प्रेमकथेचा प्रश्न. एकच व्यवहार दोन्ही कथा दोन टोकांनी पाहतात.

मग अलीकडच्या हेरपटांत प्रेम खटकतं ते का? खटकतं, हे मान्यच आहे. पण दोष प्रेमाचा नाही, फुकटेपणाचा. ‘राझी’ (2018) पाहा: सेहमतचं लग्न हेच तिचं काम आहे, आणि नवरा जितका भला निघतो तितकं ते काम महाग पडतं. प्रेम काढलं तर चित्रपटच उरत नाही. ‘पठान’ (2023) मधल्या प्रेमाची मात्र कोणाला फारशी किंमत मोजावी लागत नाही. ते गाण्यापुरतं येतं आणि पुढच्या स्फोटाआधी बाजूला होतं. दुसऱ्याचा राग पहिल्यावर काढून दोन्हींना एकच शेरा मारणं ही आळशी टीका झाली. प्रेमकादंबरीलाही हीच कसोटी लावावी. नायक-नायिका एकमेकांपासून काय लपवतात आणि ते उघड झाल्यावर कोणाचं काय जातं, याचं उत्तर देणारी प्रेमकादंबरी गाडीत सोडून द्यायची नसते.

एक आक्षेप उरतो, आणि तो वजनदार आहे. अशा कथा इतिहास गढूळ करतात. फितूर दुल्हाजूने ओरछा दरवाजा उघडून दिला, हे झाशीत आज इतिहास म्हणून सांगितलं जातं आणि त्याला वर्मांच्या कादंबरीने मोठं बळ दिलं. इंग्रजांच्या लष्करी वृत्तांतात मात्र 3 एप्रिल 1858चा हल्ला तोफांनी पाडलेल्या खिंडारातून आणि तटाला लावलेल्या शिड्यांवरून झाला. शिडीवरून चढताना डिक आणि मायकलजॉन हे अधिकारी पडले. आक्षेप खरा आहे. पण त्याने पूर्वपक्षच कोसळतो. जी कथा शहराची आठवण बदलू शकते, तिला निव्वळ रंजन म्हणून बाजूला सारणं परवडणारं नाही. ती कागदपत्रांशेजारी ठेवून तपासावी लागते, तशी आपण गंभीर साहित्याचीच तपासणी करतो.

तेव्हा निवाडा असा: हेरकथेत प्रेम ही भेसळ नाही, तो तिचा माल आहे. माल हलका निघाला तर लेखकाला दोष द्यावा, मिश्रणाला नाही. पुढच्या मुलाखतीत कोणी कादंबरीकार हेरपटांवर सहज शेरा मारील, तेव्हा श्रोत्यांनी हसून सोडू नये. कोणता चित्रपट, कोणता प्रसंग आणि त्यातलं प्रेम काढून टाकलं तर काय उरतं, एवढं जरूर विचारावं.