शाळा आणि कॉलेज यांच्यातली भिंत कोणी बांधली?

नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून 'श्रेयांक', 'क्रेडिट बँक' हे शब्द आपल्या पोरांच्या कानावर पडू लागले आहेत. बारावीत असतानाच कॉलेजचा एखादा विषय शिकता येईल, त्याचे गुण खात्यात जमा राहतील आणि पुढे पदवीत धरले जातील, असे सांगितले जाते. काही जण हे ऐकून हुरळून जातात, तर काही जण 'हे सगळे शहरातल्या पोरांसाठी' म्हणून पाठ फिरवतात. आम्हाला दोन्ही भूमिका मान्य नाहीत. हा प्रश्न नवा नाही. शाळा कुठे संपते आणि कॉलेज कुठे सुरू होते ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. ती माणसांनी आखली आणि वेळोवेळी हलवली. ती हलवताना आपल्या समाजाला विचारले गेले नाही. अपवाद एकच, बाबासाहेबांचा. म्हणून मुदखेडसारख्या तालुक्यात बसून या प्रश्नाचा इतिहास तपासणे आम्हाला गरजेचे वाटते.

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये सुरुवातीला शाळा आणि कॉलेज एकाच संस्थेचे दोन भाग होते. 1856 मध्ये ते वेगळे झाले. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि 1859 पासून मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली. मॅट्रिक ही विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. शाळेने काय शिकवायचे हे विद्यापीठ ठरवू लागले आणि विद्यापीठात कोण बसले होते हे वेगळे सांगायला नको. ज्या जातींच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर होते, त्यांच्या मुलांसाठी मॅट्रिक ही एक पायरी होती. ज्यांना शाळेच्या ओसरीवरही बसू दिले जात नव्हते, त्यांच्यासाठी ती भिंत झाली.

ती भिंत 1907 मध्ये भीमराव आंबेडकरांनी ओलांडली. 750 पैकी 282 गुण. आजच्या 'गुणवत्ता'वाल्यांनी हा आकडा नीट वाचावा. आजच्या कट-ऑफच्या यादीत या मुलाला कुठल्या कॉलेजने दारात उभे केले असते? पण आम्हाला वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. भीमराव शाळेत असतानाच चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे. तिथे त्यांना कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरले. ते त्यांच्याशी बोलू लागले, पुस्तके देऊ लागले. मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकून महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली ती त्यांनीच. कॉलेजात प्रा. म्युलर यांनी पुस्तके दिली, कपडे दिले.

यातून काय दिसते? भीमरावांचा कॉलेजचा प्रवास मॅट्रिकच्या निकालाने सुरू झाला नाही. शाळेत असतानाच एका जाणत्या माणसाने त्यांना अभ्यासक्रमाबाहेरच्या वाचनाची ओढ लावली होती. नंतर पैसा मिळाला, पुस्तके मिळाली. या साखळीतली एक कडी जरी तुटली असती तर 1912 ची बी.ए. परीक्षा आणि 1913 चे कोलंबिया विद्यापीठ दूरच राहिले असते. बाबासाहेबांची बुद्धी असामान्य होती हे खरेच आहे, पण असामान्य बुद्धी असलेली कितीतरी पोरे त्याच काळात या महाराष्ट्रात ढोरे राखत होती. त्यांना कोणी केळुसकर भेटले नाहीत.

आता आपल्याकडे या. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ झाले, पण शिक्षणाचे माध्यम उर्दू. 1923 मध्ये औरंगाबादला इंटरमिजिएट कॉलेज निघाले. त्यापुढे शिकायचे तर हैदराबाद गाठावे लागे. मुदखेडवरून हैदराबादच्या दिशेने रेल्वे जात होती. गाडी होती, पण महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या पोराला तिच्यात बसवून देणारे कोणी नव्हते. घरात मराठी, शाळेत उर्दू, पुढे इंग्रजी. म्हणजे इथे एकामागे एक तीन भिंती होत्या.

बाबासाहेबांना हे पक्के माहीत होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी सरकारकडून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती मंजूर करून घेतली. 1944 मध्ये सुरू झालेली तीच आजची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. 8 जुलै 1945 ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभे राहिले. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी तिथे सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याने कॉलेजच्या वेळेशी जुळवून घ्यावे असे न म्हणता, कॉलेजने विद्यार्थ्याच्या पोटाशी जुळवून घेतले.

त्यानंतर 1950 मध्ये औरंगाबादला त्यांनी कॉलेज काढले. पुढे त्याचेच नाव मिलिंद महाविद्यालय झाले. 1 सप्टेंबर 1951 ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. प्राचार्य होते म. भि. चिटणीस. शेजारी वसतिगृहे उभी राहिली. 1955 मध्ये त्याच परिसरात मिलिंद मल्टिपर्पज हायस्कूल सुरू झाले. हा क्रम ध्यानात घ्या. कॉलेज आधी आणि शाळा नंतर, दोन्ही एकाच नागसेनवनात. खेड्यातून आलेल्या शाळकरी पोराला समोरच कॉलेज दिसायचे. तिथे आपलीच, आपल्याच बोलीत बोलणारी पोरे हातात पुस्तके घेऊन फिरायची. कॉलेज ही परक्याची जागा आहे ही भीती शाळेतच गळून पडायची. श्रेयांकाचा शब्दही तेव्हा नव्हता, पण शाळेतल्या मुलाला कॉलेजच्या अंगणात वाढवण्याचे काम मराठवाड्यात बाबासाहेबांनी करून दाखवले होते. नांदेडलाही 1950 मध्येच पीपल्स कॉलेज सुरू झाले आणि या भागातल्या मुलांना जवळ कॉलेज मिळाले.

पुढे काय झाले तेही पाहू. जुन्या पद्धतीत अकरावीला एस.एस.सी. व्हायची. मग कॉलेजात एक वर्ष पी.यू.सी. आणि नंतर तीन वर्षे पदवी. कोठारी आयोगाने 10+2+3 चा आराखडा दिला. महाराष्ट्रात 1975 मध्ये दहावीची पहिली एस.एस.सी. झाली. पी.यू.सी. गेली, तिच्या जागी बारावी आली. आपल्या घरातल्या जुन्या माणसांना विचारा. पी.यू.सी.ला असलेला पोरगा स्वतःला 'कॉलेजकुमार' म्हणवायचा आणि विद्यापीठाचा विद्यार्थी असायचा. आज त्याच वयाचा, पुष्कळ ठिकाणी त्याच इमारतीत बसणारा मुलगा मात्र 'बारावीचा' आणि बोर्डाचा विद्यार्थी आहे. वय तेच, बाक तोच, फक्त कागदावरची रेषा हलली. मग ही रेषा पुन्हा हलवता येणार नाही असे कोणी सांगत असेल तर आपण ते का ऐकावे?

आपली पोरे कॉलेजात आल्याचा राग किती होता हे मराठवाड्याने 1978 मध्ये पाहिले. 27 जुलैला विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि वस्त्या पेटल्या. आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. 1993 मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडात आत्मदहन केले. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले. या लढ्याकडे फक्त नावाचा लढा म्हणून पाहणाऱ्यांना तो कळलाच नाही. शिष्यवृत्ती घेऊन, वसतिगृहात राहून शिकणारा पोरगा गावात परतला की मान वर करून बोलत होता, तेच खुपत होते.

आज खुपण्याची पद्धत बदलली आहे. लातूर पॅटर्नचा डंका वाजला, नांदेडात क्लासेसचा बाजार उभा राहिला. नाव एका ज्युनियर कॉलेजात, हजेरी कागदावर आणि शिकवणी लाखभराच्या क्लासमध्ये, हा प्रकार आता कोणाला नवा नाही. म्हणजे पैसेवाल्यांनी अकरावी-बारावीची दोन वर्षे केव्हाच बोर्डाच्या हातून काढून घेतली आहेत. त्यांची मुले पुढच्या शिक्षणाची तयारी आधीच सुरू करतात, त्यावर कोणी आक्षेप घेत नाही. मग मुदखेड, बारड, मुगटच्या मुलांनी बारावीत कॉलेजचा एक विषय शिकावा म्हटले की 'आधी बारावी तर होऊ द्या' असा उपदेश का?

आक्षेपाला उत्तर देऊ. बारावीचे ओझे असताना आणखी ओझे कशाला, असे आपलेच काही मास्तर प्रामाणिकपणे विचारतात. 1974 मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात एक हायस्कूल सुरू झाले. ते हुशार मुलांसाठी नव्हते. शाळा सोडून जाण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी होते. कॉलेजच्या आवारात, कॉलेजची पोरे समोर दिसत असताना ही मुले टिकतील हा त्यामागचा विचार होता. नागसेनवनाचा विचार याहून वेगळा होता काय? टिकायला कारण लागते आणि पुढचे शिक्षण डोळ्यांना दिसणे हे मोठे कारण आहे.

आपल्या देशातही दार थोडे उघडले आहे. 2021 मध्ये श्रेयांक साठवण्याची बँक आली. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात शालेय शिक्षणही धरले आहे. वर्षाला 1200 तासांचे 40 श्रेयांक असा हिशेब आहे. मद्रास आयआयटीच्या ऑनलाइन बी.एस. पदवीची पात्रता फेरी अकरावी झालेला विद्यार्थीही देऊ शकतो आणि बारावीनंतर प्रवेश घेऊ शकतो. पण मोबाइलची रेंज, इंग्रजी आणि फी या तीन गोष्टी ज्याच्याकडे आहेत तोच त्या दारातून आत जाईल. निजामाच्या काळात रेल्वे होती, तसे आज हे पोर्टल आहे. बसवून देणारा माणूस आजही नाही.

तो माणूस आपणच व्हायचे आहे. आमच्या मागण्या साध्या आहेत. तालुक्यातल्या वरिष्ठ महाविद्यालयांनी बारावीच्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयाचे कार्ड द्यावे. आठवड्यातून एक दिवस प्रथम वर्षाच्या तासाला बसू द्यावे. विद्यापीठाने प्रथम सत्राचा एक विषय बारावीतच पूर्ण करण्याची सोय करावी आणि तो मराठीतून शिकवावा. त्याची फी अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांकडून घेऊ नये. शिष्यवृत्ती त्याला लागू होते की नाही याचे उत्तर समाज कल्याण विभागाने लेखी द्यावे. आणि हे काम कोणत्याही खासगी क्लासच्या घशात घालू नये.

दुसरे काम आपले स्वतःचे आहे. बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि प्रथम वर्षाचे तास जूनच्या पुढे सुरू होतात. या मधल्या महिन्यांत आपली पोरे हरवतात. कोणी पुण्याला कामाला जातो, कोणी वीटभट्टीवर. पोरीचे लग्न जमते. निकाल लागतो तेव्हा प्रवेशाचा अर्ज भरायला घरी कोणी नसते. प्रत्येक गावच्या बुद्धविहारात या काळात वर्ग चालवा. पदवीला शिकणाऱ्या पोरांनी बारावी दिलेल्यांना प्रथम वर्षाचे एक पुस्तक वाचून दाखवावे, इंग्रजीची भीती घालवावी, जात पडताळणी, शिष्यवृत्ती आणि स्वाधारची कागदपत्रे जमवून द्यावीत. जून उजाडेल तेव्हा ही मुले अर्धी कॉलेजात पोचलेली असतील.

'शिका' हा शब्द बाबासाहेबांनी पहिला ठेवला. निकालाची वाट पाहा आणि मग शिका, असे त्यांनी कुठेही सांगितलेले नाही. येत्या मार्चपासून किती विहारांत असे वर्ग सुरू होतात, यावर आमचे आणि तुमचे मोजमाप होईल.

जय भीम!