इंटरनेटच्या वाटांचा आरसा

परळीहून मुंबईस निघालेलें पत्र कोणत्या वाटेनें जावयाचें, हें टपालखात्यानें आधींच ठरविलेलें असतें. इंटरनेटची गोष्ट निराळी. तेथें वाटांचा नकाशा कोणा एकाच्या हातीं नाहीं. प्रत्येक संस्थेचा राउटर शेजारच्या राउटरास कळवितो, 'अमुक पत्ते माझ्याकडून गांठतां येतील'. शेजारी तें खरें मानतो आणि पुढें सांगतो. १९८९ सालीं बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल या नांवानें ही रीत सुरू झाली, ती मुळांत विश्वासावर.

त्या विश्वासास तडा जाण्यास फार काळ लागला नाहीं. २५ एप्रिल १९९७ रोजीं अमेरिकेंतील एका लहान संस्थेच्या राउटरानें हजारों वाटा आपल्याच दारावरून जातात असें जाहीर केलें, आणि निरोप तिकडे जाऊन गडप झाले. २४ फेब्रुवारी २००८ रोजीं पाकिस्तान टेलिकॉमनें केवळ स्वदेशांत यूट्यूब बंद करण्यासाठीं घातलेली खोटी वाट हाँगकाँगच्या एका कंपनीमार्फत बाहेर पसरली, व सुमारें दोन तास जगाच्या मोठ्या भागांत यूट्यूब दिसेनासें झालें.

अशा वेळीं आपली वाट दुसऱ्याच्या घरून कशी दिसते, हें पाहिल्यावांचून दोष सांपडत नाहीं. म्हणून संस्थांनीं आपल्या राउटरांस 'लुकिंग ग्लास', म्हणजे आरसा, जोडला. देशांतल्या देशांतले निरोप परदेशांतून फिरून येऊं नयेत यासाठीं भारतांत २००३ सालीं निक्सी ही संस्था निघाली. तिनेंही आपल्या केंद्रांचा असा आरसा ठेविला आहे. अंबाजोगाईस इंटरनेट पुरविणाऱ्या एखाद्या लहान व्यावसायिकास, आपली वाट मुंबईहून दिसते कीं नाहीं, हें अशा आरशांत घरबसल्या पाहतां येतें.

परंतु आरसा मांडणें सोपें नव्हे. हजेरीपत्रक पालकांस दाखवावें, पण लेखणी त्यांच्या हातीं देऊं नये, हें शाळामास्तरास कोणी शिकवावें लागत नाहीं; येथेंही तेंच. पाहणाऱ्यास राउटराची किल्ली देत नाहींत. मध्यें एक स्वतंत्र संगणक बसवितात. तो 'अमुक पत्त्याची वाट दाखव' अशा ठराविक प्रश्नांखेरीज कांहीं पुढें जाऊं देत नाहीं, आणि एकानेंच प्रश्नांचा भडिमार करूं नये म्हणून मर्यादाही घालतो. कारण राउटराचें खरें काम निरोप वाहण्याचें.

२०१४ सालीं फ्रान्समधील यूरेकॉम संस्थेच्या संशोधकांनीं असे आरसे तपासले. कांहीं ठिकाणीं राउटराचा परवलीचा शब्द जींत लिहिलेला, ती फाईलच वाटेल त्यास वाचतां येत होती! त्या शब्दास पूर्ण अधिकार असतील, तर सांपडणारा वाटा नुसत्या पाहणार नाहीं, बदलीलही. यास्तव ती फाईल लोकांस उघड्या असलेल्या जागेबाहेर ठेवावी लागते, मधल्या संगणकास केवळ वाचण्यापुरतें खातें द्यावें लागतें, आणि त्या खात्यावर दुसऱ्या कोठूनही प्रवेश मिळणार नाहीं अशी तजवीज राउटरावरच करावी लागते.