पोलवरची पकड : अवघड हालचालींआधीची सुरक्षित तयारी

उभ्या धातूच्या दांड्यावर केवळ एका गुडघ्याच्या अथवा दोन तळहातांच्या आधारे शरीर तोलून धरणाऱ्या पोल डान्सचे वर्ग आज मुंबई, दिल्ली, बंगळुरूसारख्या महानगरांत व्यायामप्रकार म्हणून चालतात. प्रशिक्षकाविना, चित्रफिती पाहून घरच्या दांड्यावर सराव करणारेही आहेत. ‘हात घसरतो’ ही या प्रकारातील नवशिक्यांची नेहमीची तक्रार आणि अधिक जोराने मूठ आवळणे हा त्यावरचा त्यांचा पहिला उपाय. प्रत्यक्षात पकड मुठीच्या बळापुरती मर्यादित नसते. त्वचेची स्थिती, धातूचा प्रकार, हवामान, खांद्याची ठेवण आणि शरीराचे किती भाग दांड्याला भिडले आहेत, या सर्वांवर ती अवलंबून असते. अवघड हालचालीस हात केव्हा घालावा, हेही याच हिशेबावरून ठरवता येते.

मद्यालयापासून क्रीडास्पर्धेपर्यंत

आधुनिक पोल डान्स उत्तर अमेरिकेतील रात्रीच्या मद्यालयांतून पुढे आला आणि १९९०च्या दशकापासून व्यायामवर्गांत स्थिरावला. आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स महासंघाची स्थापना २००९ मध्ये झाली. आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या तत्कालीन शिखर संघटनेने २०१७ मध्ये या महासंघास निरीक्षक दर्जा दिला. क्रीडाप्रकारात बळ, लवचीकता व तोल यांचे गुणांकन होते आणि स्थिर व फिरता अशा दोन्ही दांड्यांवर कौशल्य दाखवावे लागते.

या प्रकाराची चर्चा निघाली की भारतात मल्लखांबाचे नाव आपोआप येते. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या सरावातील खांबाचा उल्लेख आढळतो. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येला नवे रूप दिले, अशी परंपरा सांगते. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यक्रीडेचा दर्जा दिला, तर २०१९ मध्ये मुंबईत त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मल्लखांबातून थेट पोल डान्स जन्मला, असे मात्र म्हणता येत नाही. चिनी सर्कशीतील खांबावरच्या कसरतींचीही स्वतंत्र परंपरा आहे. या सर्व प्रकारांना जोडणारा समान प्रश्न एकच : उभ्या आधारावरून शरीर घसरू कसे द्यायचे नाही?

घर्षणाचा हिशेब

दांड्यावर शरीर टिकते ते घर्षणामुळे. घर्षणाचे बल दोन गोष्टींनी ठरते : दांड्यावर पडणारा दाब आणि त्वचा व धातू यांच्यातील घर्षणांक. उदाहरणादाखल, ६० किलो वजनाच्या व्यक्तीचा भार सुमारे ५९० न्यूटन असतो. घर्षणांक ०.५ धरल्यास तो पेलण्यासाठी दांड्यावर एकूण सुमारे १,१८० न्यूटन दाब लागेल. घामामुळे घर्षणांक निम्म्यावर आला, तर तेवढ्याच कामासाठी दुप्पट दाब द्यावा लागेल. म्हणजेच ओल्या हाताने टिकून राहण्यासाठी स्नायूंना दुप्पट राबावे लागते आणि ते तितक्याच लवकर थकतात.

यातून पहिले सूत्र हाती येते. हा दाब एकट्या तळहाताने देण्याचे कारण नाही. मांडीची आतली बाजू, गुडघ्यामागची खोबण, काख, कोपराची खोबण, कंबरेची बाजू, पायाचा वरचा भाग हे सर्व पकडीचे बिंदू आहेत. अनुभवी कलाकार हात सोडतो तेव्हा त्याने धोका पत्करलेला नसतो. हाताचा भार आधीच दुसऱ्या बिंदूकडे सोपवलेला असतो. त्वचेचा थेट स्पर्श आवश्यक असल्यामुळेच या प्रकारात आखूड कपडे घातले जातात. गुळगुळीत कापड धातूवरून सरकते. मल्लखांबातही लंगोट वा आखूड चड्डी घालण्यामागे हेच कारण आहे.

दोन्ही प्रकारांतील भेदही तितकाच बोलका आहे. पुरलेला मल्लखांब सागवान वा शिसवी लाकडाचा, तळाशी जाड व बोंडाकडे निमुळता असतो. त्याला एरंडेल तेल लावले जाते, कारण वेगवान उड्या व फिरक्यांत कोरड्या लाकडाने त्वचा सोलवटते. खांब जाड असल्याने अढी घालताना मांड्या आणि पोटऱ्या त्याला विस्तृतपणे कवटाळतात; तेल असूनही दाब पुरेसा मिळतो. पोलचा दांडा साधारणपणे ४५ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे जेमतेम १४ सेंटीमीटर परिघाचा असतो. एवढ्या बारीक, गुळगुळीत धातूवर तेलाचा अंशही घातक ठरतो.

घाम, हवामान आणि पकडीची साधने

किंचित दमट त्वचा धातूला चांगली चिकटते. अतिकोरडी आणि घामाने निथळणारी, अशा दोन्ही त्वचा घसरतात. त्यामुळे मुंबई, चेन्नई वा कोलकात्यातील शिकाऊ आणि हिवाळ्यातील दिल्लीतला शिकाऊ यांच्या अडचणी परस्परविरुद्ध असतात आणि त्यांचे उपायही.

घाम अधिक येत असल्यास मॅग्नेशियम कार्बोनेटचा खडू, विशेषतः अल्कोहोलमध्ये कालवलेला द्रवरूप खडू, उपयोगी पडतो. त्वचा कोरडी पडणाऱ्यांना खडूने उलट त्रास होतो. त्यांच्यासाठी किंचित चिकटपणा आणणारी किंवा ओलावा टिकवणारी साधने मिळतात. थंड धातूवर पकड लागत नाही, म्हणून वातानुकूलित खोलीत सरावाआधी दांडा हाताने वा कापडाने चोळून कोमट करावा लागतो.

दांड्याच्या पृष्ठभागानेही फरक पडतो. क्रोमचा मुलामा आणि स्टेनलेस स्टील सर्वत्र आढळते. पितळेवर पकड अधिक बसते, त्यामुळे दमट हवेत अनेक जण ते पसंत करतात. सिलिकॉनचे आवरण असलेल्या दांड्यावर अंगभर कपडे घालूनही सराव करता येतो; मात्र त्यावर त्वचा घासली जाते आणि सरकत जाण्याच्या हालचाली अशक्य होतात.

सरावाच्या दिवशी अंगाला तेल, लोशन वा मलम लावू नये. अंगठ्या, बांगड्या व घड्याळ काढून ठेवावे. प्रत्येकाच्या सरावानंतर दांडा स्वच्छ कापडाने पुसावा. तेलकट थर काढण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरता येते. पकडीची साधने मदतनीस असतात. कमकुवत स्नायूंची उणीव ती भरून काढत नाहीत. खडूच्या जोरावर साधलेली हालचाल खडू ओला होताच निसटते.

हाताच्या पकडी आणि खांदा

मूलभूत पकडीत अंगठा बोटांच्या विरुद्ध बाजूने दांड्याला वेढतो. दुसरी पकड ‘कप’ म्हणून ओळखली जाते. तीत अंगठा बोटांच्याच बाजूला राहतो आणि तळहात खोबणीसारखा दांड्यावर बसतो. ‘स्प्लिट’ पकडीत एक हात वर ओढतो, दुसरा खालून ढकलतो. ‘ट्विस्टेड’ पकडीत वरचा हात आतल्या बाजूने पिळून दांडा धरतो.

या शेवटच्या पकडीबाबत सावधगिरी आवश्यक आहे. हात डोक्याच्या वर असताना आतल्या बाजूस पूर्ण वळलेला असतो आणि त्याच स्थितीत शरीराचा भार खांद्यावर येतो. पाय उसळवून झटक्याने शरीर वर फेकल्यास हा ताण आणखी वाढतो. ज्यांचे सांधे नैसर्गिकरीत्या अतिलवचीक आहेत किंवा ज्यांना खांद्याची जुनी दुखापत आहे, त्यांनी ही पकड टाळणे हिताचे. अनेक हालचालींसाठी कप किंवा कोपराच्या खोबणीची पकड पर्याय म्हणून वापरता येते.

कोणत्याही पकडीत खांदे कानांकडे चढू देऊ नयेत. खांद्याचे फरे खाली व पाठीला लागून ठेवल्यास पाठीचे मोठे स्नायू भार घेतात. खांदा सैल सोडून लोंबकळल्यास तोच भार सांध्यातील स्नायुबंधांवर पडतो. ढकलणाऱ्या हाताचे कोपर अतिताणून कुलूपबंद करणेही टाळावे.

उलटे होण्याआधी

डोके खाली, पाय वर ही स्थिती पोलच्या शिक्षणातील पहिला मोठा टप्पा असतो. त्यासाठी काही कसोट्या लावता येतात. दांड्याला धरून, जमिनीवरून उडी न घेता, दोन्ही गुडघे छातीपर्यंत उचलता यावेत आणि काही सेकंद तिथेच स्थिर ठेवता यावेत. दांड्यावर चढणे, मांड्यांच्या पकडीवर बसणे आणि नियंत्रित वेगाने खाली उतरणे सहज जमावे. हे सर्व डाव्या व उजव्या, दोन्ही बाजूंनी साधावे. उसळी मारून उलटे होणाऱ्याला वर जाता येते, पण वर गेल्यावर थांबता येत नाही. आणि अपघात होतो तो तिथेच.

त्यानंतर एका पायाच्या लटकण्या येतात. यात गुडघ्यामागची खोबण दांड्यावर घट्ट बसते आणि हात मोकळे होतात. शिकताना हात एकदम सोडायचे नसतात. आधी एक हात केवळ सैल करून पायाने भार घेतला आहे का, हे पाहायचे. मग तो सोडायचा. दुसऱ्या हाताची पाळी त्यानंतरची. खोबण नीट बसली नसेल तर परत वर येण्याची वाट मोकळी असली पाहिजे. नवी हालचाल शिकताना तीतून बाहेर कसे पडायचे, हे आधी शिकवणारा प्रशिक्षक योग्य समजावा.

‘आयेशा’ या प्रगत मुद्रेत उलटे शरीर केवळ दोन हातांवर दांड्यापासून दूर तोलले जाते. वरचा हात ओढतो, खालचा ढकलतो. या परस्परविरुद्ध बलांमुळेच तळहात दांड्यावर दाबले जातात आणि घर्षण निर्माण होते. एक हात सैल पडला की दुसऱ्याचाही दाब नाहीसा होतो. म्हणून ही मुद्रा आधी पायांची पकड कायम ठेवून, मग एक पाय सोडून आणि अखेरीस दोन्ही पाय सोडून बसवली जाते. ‘आयर्न एक्स’मध्ये शरीर आडवे, जमिनीला समांतर धरायचे असते. तिथे कंबर व पोटाच्या बाजूच्या स्नायूंवर मोठा भार येतो, त्यामुळे तिचा सराव त्याहून पुढचा.

फिरत्या दांड्यावर आणखी एक बाब ध्यानात ठेवावी लागते. हातपाय शरीराजवळ ओढले की वेग वाढतो, पसरले की कमी होतो. वेग वाढताच शरीर बाहेर फेकले जाते आणि पकडीवरचा ताण वाढतो. म्हणून अवघड मुद्रा प्रथम स्थिर दांड्यावर पक्की करणे श्रेयस्कर.

बळ वाढवण्याचा क्रम

पकडीच्या सरावाची सुरुवात दोन्ही हातांनी लोंबकळण्यापासून होते. पाय जमिनीला टेकवून थोडा भार हातांवर घेणे, मग पूर्ण भार घेणे, मग खांद्याचे फरे वर-खाली करणे, असा हा क्रम आहे. ओला टॉवेल पिळणे आणि जड वजन हातात धरून चालणे यांनीही मूठ बळकट होते. बोटे मिटणाऱ्या स्नायूंबरोबर ती उघडणाऱ्या स्नायूंनाही व्यायाम हवा. त्यासाठी बोटांभोवती रबरबँड घालून ती उघडणे हा साधा उपाय आहे. तसे न केल्यास कोपराच्या आतल्या व बाहेरच्या बाजूस वेदना जडू शकते.

स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात; त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मात्र बऱ्याच सावकाश जुळवून घेतात. ‘जमते आहे’ असे वाटू लागल्यावर होणाऱ्या दुखापतींमागे हे एक कारण असते. जोरकस सरावानंतर एक-दोन दिवसांची विश्रांती आणि एका बैठकीत त्याच अवघड हालचालीचे मोजकेच प्रयत्न, हे पथ्य म्हणूनच महत्त्वाचे. मूठ थकली की नवी हालचाल त्या दिवसापुरती थांबवावी.

दांडा, गादी आणि साहाय्यक

छत व जमीन यांच्यातील दाबावर उभा राहणारा दांडा पीओपीच्या खोट्या छताखाली कधीही बसवू नये. त्याला भक्कम स्लॅबचा वा तुळईचा आधार हवा. प्रत्येक सरावाआधी दांडा हलतो का, स्क्रू घट्ट आहेत का आणि तो स्थिर अवस्थेत आहे की फिरत्या, हे तपासावे. पूर्ण पसरलेले हातपाय भिंतीला किंवा फर्निचरला लागणार नाहीत, एवढी मोकळी जागा भोवती असावी.

उलट्या हालचालींसाठी साधी योगासनांची चटई पुरत नाही. साधारण १० ते २० सेंटीमीटर जाडीची, दांड्याभोवती बसणारी गादी वापरली जाते. मात्र मानेवर पडल्यास जाड गादीही पुरेसे संरक्षण देत नाही. साहाय्यकाचे पहिले काम त्यामुळे डोके व मान वाचवणे हे असते. तो कंबर आणि खांद्यांपाशी आधार देतो. पडणाऱ्याचा हात वा पाय धरून ओढत नाही.

थांबण्याची चिन्हे

मांडीवर वा पोटरीवर निळे व्रण उठणे, तळहाताला घट्टे पडणे हे नवशिक्यांच्या बाबतीत नित्याचे आहे. सांध्यात खोलवर कळ येणे, हाताला मुंग्या वा बधिरता येणे, हात वर नेताना खांदा दुखणे, मनगट सुजणे किंवा विश्रांतीनंतरही वेदना कायम राहणे ही मात्र सराव थांबवून डॉक्टर अथवा फिजिओथेरपिस्टचा सल्ला घेण्याची चिन्हे आहेत. उच्च रक्तदाब, काचबिंदू, मानेचे विकार किंवा गर्भावस्था असल्यास वैद्यकीय सल्ल्याविना उलट्या मुद्रा करू नयेत. डोक्यावर वा मानेवर पडल्यानंतर मानेत वेदना, चक्कर किंवा हातापायांत अशक्तपणा जाणवल्यास त्या व्यक्तीला न हलवता तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी.