ऊसतोड कामगार स्त्रियांचे लैंगिक व प्रजनन आरोग्य

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतील कोरडवाहू पट्ट्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेबाची ही रीत बाईच्या अनेक दुखण्यांच्या मुळाशी आहे. पैसे बहुधा नवऱ्याच्या हातात पडतात, फेड मात्र दोघांच्या अंगमेहनतीतून होते. कोयता पुरा व्हावा म्हणून मुलींची लग्ने वयाआधी उरकली जातात, आणि कोवळ्या वयातच बाळंतपणे येतात.

बाईचा दिवस पहाटे अंधारात चुलीपाशी सुरू होतो. मग फडात तोडणी, मोळ्या बांधणे, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे. राहायच्या कोपीला (झोपडीला) न्हाणी नसते, संडासही नसतो. पाळीचे कापड धुवायला पुरेसे पाणी नाही, उन्हात वाळत घालायला आडोसा नाही. ओलसर कापडच पुन्हा घेतले जाते. लघवीला जावे लागू नये म्हणून बायका पाणीच कमी पितात. मूत्रमार्गाचा संसर्ग, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटातली कळ ही त्याची फळे. दवाखाना गाठायचा तर खाडा पडतो आणि खाड्याला दंड. पहाटे-रात्री उघड्यावर जाताना छेडछाड आणि अत्याचाराचे भय असते. त्रास देणारा मुकादम किंवा गाडीवाला असला, तर उचलीच्या ओझ्याखाली तक्रार दबून जाते.

अंगावर काढलेले हे दुखणे हंगाम संपल्यावर गावाकडच्या खासगी दवाखान्यात पोहोचते. तिथे कॅन्सरची भीती घालून 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळाल्याचे अनेकींनी सांगितले आहे. पाळी गेली की खाडाही गेला, हा हिशेब घरच्यांना पटतो. खर्चासाठी पुन्हा उचल घेतली जाते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शासकीय समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले, म्हणजे दर सहा जणींत एक. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण देशभरात सुमारे ३ टक्के होते. याला बायकांची स्वतःची निवड म्हणणे अन्यायाचे आहे. संसर्गावर साधे औषधोपचार आणि चार दिवसांची भरपगारी विश्रांती मिळाली असती, तर यांतल्या कितीतरी शस्त्रक्रिया टळल्या असत्या.

तरुणपणी गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली गेली, तर पाळी जाण्याच्या वयातले त्रास अकाली सुरू होतात : अंगाची लाही, झोपमोड, हाडांचा ठिसूळपणा. पाठ धरलेली ही बाई पुढच्या हंगामात मोळी उचलायला फडात असतेच.

बोभाटा झाल्यावर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची करण्यात आली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळही स्थापन झाले आहे.