संकलनयंत्रांच्या बातमीमागचे गणित

दूरचित्रवाणी आणि चित्रपट व्यवसायासाठी निघणाऱ्या ‘ब्रॉडकास्ट इंजिनिअरिंग’सारख्या अमेरिकी नियतकालिकांचा वाचक मुख्यतः ग्राहक असे. नव्या संकलनयंत्रावर किती चित्रण मावते, चित्र कितपत स्वच्छ दिसते आणि किंमत किती, हे त्याचे रास्त प्रश्न. यांतील पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुढे ज्या गणितावर अवलंबून राहिली, ते मांडणारा शास्त्रज्ञ बंगळूरचा होता.

१९७१ मध्ये सीबीएस आणि मेमोरेक्स यांच्या भागीदारीतून ‘सीएमएक्स ६००’ आले. फीत पुढेमागे न गुंडाळता हवे ते दृश्य लगेच काढून देणारे हे पहिले यंत्र. किंमत सुमारे अडीच लाख डॉलर, चित्र कृष्णधवल आणि अंधूक, साठवण जेमतेम अर्ध्या तासाची. त्यामुळे ते मोजक्याच ठिकाणी पोहोचले.

अडचण साध्या हिशेबातली होती. ७२० बाय ५७६ बिंदूंची चौकट, प्रत्येक बिंदूला दोन बाइट आणि सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर दर सेकंदाला सुमारे २१ मेगाबाइट माहिती साठवावी लागते. ६०० मेगाबाइटची डिस्क अर्ध्या मिनिटात भरून जाईल. तरीही १९८९ मध्ये मॅकिंटॉश संगणकावर चालणारे ‘ॲव्हिड/१’ बाजारात आले आणि पुढील काही वर्षांत ॲव्हिडच्या यंत्रांनी संकलनकक्षांचा ताबा घेतला. १९९७ मध्ये ॲव्हिडवर संकलित झालेल्या ‘द इंग्लिश पेशंट’साठी वॉल्टर मर्च यांना संकलनाचे ऑस्कर मिळाले.

हे शक्य झाले ते जेपीईजी पद्धतीच्या संक्षेपामुळे, आणि त्याच्या गाभ्याशी होते ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’. चित्रातील शेजारशेजारचे बिंदू बहुधा सारखेच असतात. म्हणून ८ बाय ८ बिंदूंचा चौकोन घेऊन त्याची मांडणी निरनिराळ्या वारंवारितेच्या कोसाइन लहरींच्या बेरजेत केली, की बहुतेक माहिती थोड्याच, संथ लहरींत एकवटते. उरलेल्या बारीक लहरी ढोबळपणे नोंदवल्या तरी डोळ्याला फारसे जाणवत नाही. सिद्धान्ततः सर्वोत्तम असलेले कारहुनेन-लोएव्ह रूपांतर गणनेस फार जड होते. नासिर अहमद यांनी त्याच्या जवळपास पोहोचणारा, पण झटपट गणता येणारा पर्याय शोधला.

१९४० मध्ये बंगळूरला जन्मलेले आणि तेथेच अभियांत्रिकी शिकलेले अहमद तेव्हा कॅन्सस स्टेट विद्यापीठात होते. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवरील प्रस्ताव अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पाठवला. तो नामंजूर झाला; कल्पना फारच सोपी असल्याचा शेरा एका परीक्षकाने दिला होता. अहमद यांनी अनुदानाविना काम चालू ठेवले. जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा चार पानी निबंध प्रसिद्ध झाला. जेपीईजी मानक आले १९९२ मध्ये. आज आपल्या फोनमधील छायाचित्रांत हेच रूपांतर असते, चित्रफितींतही बहुधा तेच किंवा त्याचे भाईबंद.

व्यावसायिक नियतकालिकांना दोष देण्याचे कारण नाही. विकत मिळणाऱ्या वस्तूची पारख करणे हेच त्यांचे काम. चार पानी निबंधाची बातमी १९७४ मध्ये त्यांनी द्यावी, ही अपेक्षा गैर ठरेल. परंतु प्रस्तावांची पारख करणाऱ्यांचे काम वेगळे असते. आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ स्थापन झाले. तिथे पाठवलेल्या प्रस्तावाचा उपयोग आजच दाखवा, असा आग्रह धरला जातो तेव्हा मला हा निबंध आठवतो. तो छापून आला, तेव्हा ‘ॲव्हिड/१’ बाजारात यायला पंधरा वर्षे अवकाश होता. तेवढी वाट पाहण्याची तयारी आपल्या परीक्षकांची आहे का?