लसीका संस्था

पेशींभोवती साचणारा द्रव गोळा करून रक्तात परत नेणाऱ्या वाहिन्या आणि त्यांच्या मार्गावरील ग्रंथी मिळून लसीका संस्था बनते. केशवाहिन्यांच्या पातळ भित्तीतून रक्तातील द्रव सतत बाहेर झिरपतो. त्यातील बराचसा रक्तात परततो, परंतु दिवसाकाठी सुमारे ३ लिटर द्रव व त्यासोबत निसटलेली प्रथिने मागे उरतात, आणि हाच द्रव लसीकावाहिन्यांत शिरला की त्यास लसीका म्हणतात. ती पुढे ढकलण्यास हृदयासारखे इंद्रिय नाही. वाहिन्यांचे आकुंचन, हालचाल करताना स्नायूंचा पडणारा दाब आणि श्वासोच्छ्वास यांवर ती सरकते व झडपांमुळे मागे फिरत नाही. अखेर ती मानेच्या बुडाशी मोठ्या शिरांमध्ये मिसळते. पूर्व विदर्भात दीर्घकाळ आढळत आलेल्या हत्तीरोगाचे कृमी याच वाहिन्यांत राहतात, झडपा निकामी करतात, आणि निचरा थांबलेला पाय सुजून कायमचा जाड होतो.

काख, जांघ व मान येथे लसीका ग्रंथींचे पुंजके असतात. वाहून आलेले जंतू तेथील भक्षक पेशी गिळतात आणि लसीकापेशी त्यांना ओळखून प्रतिपिंडे तयार करवतात. पायाला जखम झाल्यावर जांघेत अवधाण येते ते या झुंजीमुळेच. प्लेगचा जंतू मात्र भक्षक पेशींच्या पोटातही तगून वाढतो, त्यामुळे ग्रंथी सुजून अत्यंत वेदनामय गाठ होते व संरक्षणाचे ठाणेच रोगाचे केंद्र बनते. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांनी हा जंतू अशाच गाठीतून वेगळा केला.

पुण्यात १८९७ च्या आरंभी ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे गाठीच्या तापाची, साथ भडकली तेव्हा वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अधिपत्याखालील प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरोघर झडती घेऊन लोकांच्या काखा व जांघा तपासल्या. ग्रंथी कोठे असतात हे त्यामागचे ज्ञान बरोबर होते. पण स्त्रियांचीही अप्रतिष्ठा करणारी ती रीत अक्षम्य होती, आणि २२ जून रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या त्यामागे तिचा संताप होता. त्याच साथीत रुग्णसेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले १० मार्च रोजी निवर्तल्या.

शास्त्रीय दृष्ट्याही तपासणी अपुरी होती. जंतुप्रवेशानंतर गाठ उठण्यास काही दिवस लागतात आणि फुप्फुसांच्या प्लेगात ती बहुधा उठतच नाही, म्हणून लागण झालेले कित्येक जण अशा झडतीतून निर्दोष ठरणे अटळ होते. शिवाय जंतू शरीरात शिरतो कसा हेच तेव्हा ठाऊक नव्हते. उंदरावरील पिसू त्याचा वाहक असल्याचे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले. पिसू बहुधा पायांना चावतात आणि पायांची लसीका जांघेतील ग्रंथींकडे जाते, म्हणूनच प्लेगची गाठ सर्वाधिक वेळा जांघेत आढळते.